नववी गाठ

बाळाप्पा, तुझ्या वर्गाच्या अठ्ठावीस वह्या तपासायच्या राहिल्या होत्या. तू त्या जोंधळ्याच्या पेवात उतरलास त्याच दिवशी पोरांनी त्या टेबलावर आणून ठेवल्या, कारण तू सांगितलं होतंस. तुझं ती निमूट ऐकायची. माझं ऐकायला त्यांना छडी दिसावी लागते. आज आठवा दिवस. शाळा सुटलीय, ऊन व्हरांड्यावरनं उतरलंय, आणि मी तुझ्या त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून सत्तावीस वह्यांवर तांबडी शाई फिरवलीय. अठ्ठाविसावी कृष्णीची. ती तीनदा उघडली आणि तीनदा गठ्ठ्याच्या तळाशी घातली. तिच्यात मी आहे.

उद्या सकाळी याच वर्गात तुझी शोकसभा. बोरगावहून दोन मास्तर येणार, निपाणीहून शाळा तपासणारे दिपोटी येणार, वडगावहून तुझी आई येणार. हेडमास्तर म्हणून बोलायचं मी. भाषण लिहायला बसलो तर 'बाळाप्पा मास्तर हे एक कर्तव्यदक्ष शिक्षक होते' याच्या पुढं टाक सरकेना. कर्तव्यदक्ष! अरे, तुझ्यासारखा आगाऊ मास्तर माझ्या सबंध नोकरीत दुसरा आला नाही. म्हणून हे तुलाच लिहितोय. आधी तुला सांगतो. मग त्यांना सांगायचं धाडस होतं का ते बघू.

तू रुजू झालास तेव्हा एका हातात ट्रंक आणि काखोटीला धोटा. तुझ्या बापाच्या मागावरचा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. मी म्हटलं, "मास्तर, हितं लुगडी विणायची न्हाईत, पोरं शिकवायचीत." तू नुसता हसलास. दुसऱ्या दिवशी बघतो तर तो धोटा तुळईला दोऱ्यानं टांगलाय, झोके घेतोय, आणि पोरं एकमेकांच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजतायत. दोरा आखूड केला की धोटा घाई करतो, लांब सोडला की रेंगाळतो. हे त्यांना कुणी सांगितलं? कुणीच नाही. त्यांनी मोजलं. मी दारात छडी घेऊन उभा, आणि वर्गात इतकी शांतता की मलाच चोरट्यासारखं वाटलं.

मग तू माझं झाडलोट केलेलं अंगण खणलंस. काळी माती, तिच्याखाली पिवळी, तिच्याखाली मुरूम. पोरं खड्ड्यावर ओणवी होऊन विचारायची, "आणि खाली, मास्तर? आणि खाली?" ते तू उचललंस. कुणी बरोबर उत्तर दिलं की शाब्बास म्हणायचं सोडून तू म्हणायचास, "आणि खाली?" यावरनं आपली किती भांडणं झाली! मी म्हणायचो, अरे, पोरगं बरोबर बोललं तर पाठीवर थाप दे, जीव काय खातोस त्याचा?

"अण्णा, आवडल्यालं उत्तर घावलं की माणूस थांबतंय," तू म्हणायचास. "तितंच तर ढकलायचं असतंय."

"पुरं झाला शहाणपणा," मी म्हणायचो. आता मला कुणी ढकलायला नाही, तर हे वाक्य कानातनं हलत नाही.

आणि त्या वह्या. 'पाहिलं' असं वर नाव घालायचं. आठवड्यातनं एकदा पाव तास एका जागी बसायचं आणि डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच लिहायचं. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही. मी थट्टा केली, "ह्यो तलाठ्याचा पंचनामा झाला की रं."

"व्हय अण्णा. पर लाच न खाणारा तलाठी."

हसलो होतो आपण तेव्हा. दोघं पोट धरधरून हसलो होतो, बाळाप्पा.

तू विणकराघरचा, तुला पेव ठाऊक नव्हतं. शाळेच्या गडग्यापलीकडं माझ्या परड्यात ते पहिल्यांदा बघितलंस. तोंड एवढंसं, माणूस जेमतेम शिरेल. आत मात्र घागरीसारखं पोट, खोल, काळोखं, दोन-दोन वर्षं जोंधळा सांभाळणारं. वरनं फरशी आणि शेणमातीचं लिंपण. तू गुडघ्यावर बसून लिंपणाला कान लावलास.

"आत काय हाय, अण्णा?"

"जोंधळा."

"आणि?"

"आणि काय? वारं."

"तेच इचारतोय. कसलं वारं?"

मी तुला माझ्या चुलत्याची गोष्ट सांगितली. मी शेंबडा पोर असताना तो पेवात उतरला आणि वर आला नाही. अंगावर ना जखम, ना दंश. आई म्हणाली, पेवानं बळी घेतला. तेव्हापासून आमच्यात पेव उघडायचं तर नारळ फोडायचा आणि तोंड दिवसभर उघडं ठेवायचं, मग उतरायचं. तू दोन्ही हात गुडघ्यांभोवती बांधून ऐकत होतास. तुझा चेहरा मला तेव्हा आवडला नव्हता. कुणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखा तू त्या फरशीकडं बघत होतास.

दुसऱ्याच दिवशी तुझा तो धडा. मातीच्या मडक्यात पापडखार घातलास, वर लिंबू पिळलंस. फसफसून फेस आला आणि बसला. मडक्यात दिसायला काहीच नाही. टेबलावर पणती जळत होती. तू मडकं हळूच पणतीवर कलतं केलंस, पाणी ओततात तसं, पण फेसाचा थेंबसुद्धा पडू न देता. पणती विझली. फुंकर नाही, पाणी नाही. अठ्ठावीस पोरांनी एकदम श्वास घेतला. मला दारात ऐकू आलं.

कृष्णी उठली. अकरा वर्षांची, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईची पोर, तोंडाळ नंबर एक. "मास्तर, काय वतलासा?"

"तुला काय दिसलं?"

"काय न्हाय."

"तेच वतलं. दिसत न्हाय, वास न्हाय, पर जड हाय. खड्ड्यात तळाला जाऊन बसतंय. धान्य कुजाय लागलं की ह्येच हुतंय. जितं दिवा मरतोय, तितं माणूस उतरायचा न्हाय."

त्या दिवसापासनं पोरं त्याला 'मास्तरांचं काय न्हाय' म्हणायला लागली. पाण्याच्या रांजणात डोकावून ओरडायची, "आत काय न्हाय हाय गं!" मला ते ऐकलं की काटा यायचा. कुणी त्याला नाव देऊ नये असं वाटायचं. मी तुला बोललोही, अशा वस्तूला गोंजारू नको. तू म्हणालास, भ्यायचं ते बघून भ्यावं.

आता माझ्याकडं येतो. इथनं पुढं टाक जड होतोय.

लढाईचे दिवस. सरकारात सक्तीनं भरायचं लेव्हीचं धान्य गोळा करणारी माणसं गावोगाव फिरतायत. कुणाच्या घरात किती जोंधळा त्याच्या याद्या गावानं माझ्याकडनं लिहून घेतलेल्या, कारण माझं अक्षर वळणदार. आणि त्या वळणदार अक्षरातनं माझ्या पेवातला जोंधळा गाळलेला. घरात खाणारी तोंडं दहा, पुढचं साल कसं जाईल कुणाला ठाऊक. कारणं पुष्कळ होती. चोरी ती चोरीच.

आणि तू येऊन उभा राहिलास. "अण्णा, पोरांना गडग्यापलीकडं घिऊन येतो. तुमचं पेव उघडू. कंदील सोडू. कितव्या हातावर इझतोय ते पोरं मोजतील. मडक्यातलं बघितलं, आता खरं बघू दे."

"येडा झालास काय? पोरगं पडलं म्हंजे?"

"दूर बसवतो. तोंडाजवळ मी एकटा."

"काय गरज न्हाय. पेवात भूत हाय म्हटलं की पोरगं जात न्हाय. काम झालं."

"पोरगं जात न्हाय, अण्णा. बाप जातोय."

 मी टेबलावर हात आपटला. "न्हाय म्हंजे न्हाय!" तू माझ्याकडं बघत राहिलास. ओळखलंस का रं तेव्हा? पेव उघडलं तर जोंधळा पोरांना दिसेल, पोरं 'पाहिलं'च्या वहीत लिहितील, म्हणून हा म्हातारा अडवतोय, हे तुला कळलं का? हे विचारायचं राहून गेलं.

कंदिलाचा दोर तू आधीच करून ठेवला होतास. वडगावहून मागाचं चिवट सूत आणलेलं, पोरांनी पीळ घातलेला, आणि हातागणिक एक गाठ. मी बोललो होतो, माझं पेव तेरा हात खोल. तू गाठी मारल्यास चौदा. म्हणालास, ऐकीव मापाला एक हात जादा. आता धडाच होणार नाही म्हटल्यावर तो दोर तू माझ्या टेबलावर ठेवलास. रागानं नाही, अगदी साधेपणानं. "तुमच्याकडंच असू दे, अण्णा. पेव उघडताना लागंल."

लागला.

त्या दिवशी सकाळी कळलं की लेव्हीची माणसं बोरगावात उतरलीत, उद्या आमच्याकडं. जोंधळा आजच्या आज हलवायला हवा. तोंड दिवसभर उघडं टाकायचं तर सगळ्या गावाला दिसायचं. म्हणून भर दुपारी, माणसं रानात असताना, मी आणि माझा गडी महादू परड्यात गेलो. नारळ फोडला नाही, आवाज होतो. महादूनं फरशी सारली. आंबूस वास आला. मी तुझा दोर कंदिलाला बांधला आणि सोडला. नऊ गाठी गेल्या. कंदील जळत होता. मी ओढून घेतला आणि म्हटलं, "दिवा जळतोय, उतर."

महादूला मोठ्या दोरानं खाली सोडलं. जोंधळ्याची पहिली बुट्टी वर आली. दुसरी आली. तिसरी आली. चौथी आलीच नाही. मी हाका मारल्या. माझाच आवाज खालनं वर आला.

हाका ऐकून तू शाळेतनं गडग्यावरनं उडी टाकून आलास. एवढंच आठवतं की तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी उत्तर दिलं. ते शेवटी सांगतो. मग तू उपरणं भिजवून नाकातोंडाला गुंडाळलंस, मोठा दोर वर ओढून कमरेला बांधलास, "दोर हालला की वडा" म्हणालास आणि गेलास. ना उशीर, ना भाषण. दोर हालला. मी आणि रानातनं धावत आलेले दोघं, आम्ही जीव खाऊन ओढला. वर आला तो महादू. खाली गेल्यावर तुला कळलं असणार. तू आपल्या कमरेचा दोर सोडून त्याला बांधला होतास.

तो दोर परत सोडायचा तर महादूच्या अंगावरनं सुटायला हवा. ती विणकराची गाठ. सुटेचना! नखं मोडली, दातांनी ओढली. शेवटी विळ्यानं कापली. तू एवढी पक्की गाठ का मारलीस रं? जरा ढिली मारायची होतीस. दोर पुन्हा सोडला, हाका मारल्या, कुणी धरला नाही.

मग माणसं जमली. कुणी घागरी ओतल्या, कुणी लिंबाच्या डहाळ्या दोराला बांधून आत वारं ढवळलं. पुन्हा पुन्हा कंदील सोडायचा. तो दहाव्या गाठीवर विझायचा. तुझी पोरं गडग्यावर ओळीनं उभी राहून मोजत होती. कुणी सांगितलं नव्हतं. "सात, आठ, नऊ, धा." विझला. पुन्हा डहाळ्या, पुन्हा पाणी. "बारा." विझला. चौदा म्हणेपर्यंत ऊन कललं होतं. तुला हवा होता तो धडा असा झाला, बाळाप्पा. तू तळाशी होतास.

महादू वाचलाय. अजून बोलत नाही, आढ्याकडं बघतो, पण पेज पितो. त्याची बायको रोज तुझ्या खोलीच्या उंबऱ्याला हात लावून जाते. लेव्हीची माणसं दुसऱ्या दिवशी आली, उघड्या पेवातला जोंधळा घेऊन गेली. मला कुणी काही विचारलंसुद्धा नाही. दुःखातल्या माणसाला काय विचारायचं, म्हणाले.

तुझी आई आली होती. रडली नाही. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "माझ्या लेकानं दिव्याचं सांगितलंतं मला. दिवा सोडला न्हवता का, गुरुजी?"

"सोडला होता, आक्का."

"जळत हुता?"

"जळत होता."

"मग नशीबच म्हणायचं," ती म्हणाली आणि कुणाकडनं तरी पाणी मागवून मलाच दिलं. तिच्या हातातनं मी पाणी प्यालो. हे मी केलं.

इथपर्यंत असतं तर मी कदाचित गप्प बसलो असतो. मी काही फार मोठ्या मनाचा माणूस नाही, तुला ठाऊक आहे. पण गाव काय बोलतंय ते ऐक. म्हणे, मास्तरनं वर्गात पेवाचं नाव काढलं, पेवानं ऐकलं. म्हणे, पेवानं दिव्याला फसवलं. पहिल्यांदा जळू दिला, माणूस आत घेतला, मग विझवला. परवा पाटील शाळेत आले. "गुरुजी, ते वस्तुपाठ का काय ते बंद करा. आणि दिव्याचं खूळ तर पैलं काढा पोरांच्या डोक्यातनं. तुमचा दिवा जळतच हुता की! काय उपेग झाला?" मी मान हलवली. येत्या पंधरा दिवसांत गावातली पेवं उघडणार, आणि यंदा कुणी कंदील सोडणार नाही. लेव्हीच्या धाकानं दिवसभर तोंडही उघडं ठेवणार नाही. नारळ तेवढा फोडतील. कुठल्या घरातला माणूस जाईल ते ठाऊक नाही, पण जाईल. तुझा धडा तुझ्याबरोबर पेवात गेला, आणि वर फरशी ठेवणारा मी.

पोरं आता रांजणात डोकावत नाहीत. धोटा तसाच टांगलेला आहे. वाऱ्यानं हालला की सगळ्यांच्या माना खाली जातात.

म्हणून ती अठ्ठाविसावी वही. हे बघ, उघडली. त्या दुपारी कृष्णीचा पाव तास होता आणि ती गडग्यावर बसली होती. तिचं अक्षर भयंकर आहे, हे तुला मी कितीदा सांगितलं.

'पाहिलं. हेडमास्तर गुरुजींनी कंदील सोडला. नऊ गाठी गेल्या. कंदील बारीक झाला. गुरुजींनी वर घेतला. पाच गाठी हातात राहिल्या. महादूकाका उतरला.'

बस. एवढंच. गुरुजी चुकले असं नाही, गुरुजी वाईट असंही नाही. पाहिलं तेवढं. लाच न खाणारा तलाठी. पोरीनं आठ दिवसांत हे कुणाला बोलून दाखवलेलं नाही, वही मास्तरांनी तपासायची असते म्हणून ती वाट बघतेय. काल व्हरांड्यात मला अडवलं. "गुरुजी, आमच्या वह्या कोण तपासणार?" मी म्हटलं, मी. ती माझ्याकडं बघत राहिली, तू बघायचास तशी.

कंदील बारीक झाला. हो बाळाप्पा, झाला. मी वर तुला नुसतं 'जळत होता' म्हणून सांगितलं. नवव्या गाठीवर ज्योत आखडली, निळसर झाली, काचेच्या तळाला चिकटली. दहावी गाठ माझ्या बोटांत होती. ती सोडली तर विझेल हे मला कळलं होतं, आणि विझला तर आज जोंधळा निघणार नाही हेही कळलं होतं. मला आवडलेलं उत्तर घावलं होतं. मी थांबलो.

पान फाडायला कितीसा वेळ लागतो? वर्ग रिकामा आहे. पोरगी बोलली तरी हेडमास्तरापुढं वखारीतल्या बाईच्या पोरीचं कोण ऐकतंय? हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, तुझ्यापासनं काय लपवायचं. सत्तावीस वह्या तपासता तपासता येऊन गेलं.

मी तांबडी शाई घेतली आणि तिच्या लिहिण्याखाली लिहिलं, 'बरोबर.' उद्या भाषण नाही करायचं. कृष्णीला पुढं बोलवीन आणि हे पान वाचायला सांगीन. पाटलांसमोर, दिपोटींसमोर, तुझ्या आईसमोर. दिव्यानं फसवलं नव्हतं हे गावाला कळू दे. पुढं नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे.

टाक खाली ठेवला आणि उठलो, तर तुझा आवाज आला. आगाऊ लेकाचा. आणि खाली?

खाली पान कोरं होतं. पोर गडग्यावर होती, तिला दिसलं पण ऐकू गेलं नव्हतं, आणि ऐकलेलं लिहायचं नाही ही तुझीच रीत. पण मी तिथं होतो, बाळाप्पा. मी बोललो होतो. परत बसलो आणि तिच्या त्या भयंकर अक्षराखाली माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं:

'बाळाप्पा मास्तरांनी उतरण्याआधी मला विचारलं, अण्णा, दिवा तळापतोर सोडलाता का? मी व्हय म्हणालो.'